घरटी एक माणूस

माझं नाव दिनानाथ. गाव गडब, पण राहतो पेणला, रामवाडीत. वय त्र्याहत्तर, स्वभाव तापट. तापटपणाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको. शिवाय जी चूक सांगणार आहे ती तापटपणाने झालीच नाही. ती शहाणपणा मिरवण्याच्या नादात झाली.

रोह्याला एका केमिकल कंपनीत मी चौतीस वर्षं काढली. शहात्तर साली कंपनीने पश्चिम जर्मनीतून एक यंत्र आणायचं ठरवलं आणि ते चालवायला शिकण्यासाठी आम्हा दोघांना तिकडे धाडलं. अकरा महिने राहिलो, त्यातले पहिले चार नुसती भाषा शिकण्यात गेले. तेवढ्या शिदोरीवर आता म्हातारपणी मी रामवाडीत लाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत जर्मन शिकवतो. शिकायला येतात त्या सगळ्या नर्स. जर्मनीत म्हातारी माणसं फार आणि त्यांना बघायला माणूस नाही, म्हणून आमच्या पोरी चालल्यात. इथल्या म्हाताऱ्यांचं काय, हा प्रश्न मी वर्गात काढत नाही, कारण मीच एक म्हातारा आहे.

शकू मला भेटली ती रोह्याच्या एका दवाखान्यात. न्यूमोनियाने मला तिथे आठ दिवस ठेवलं होतं. सलाईन लावताना ही पोरगी तोंडातल्या तोंडात जर्मन आकडे म्हणत होती आणि सतरा चुकीचा म्हणत होती. मी तापात होतो, तरी तो दुरुस्त केला. ती इतकी दचकली की सुई हातातच राहिली. घरी सोडल्यावर पुढच्याच रविवारी ती रामवाडीचा जिना चढून आली, आणि त्यानंतर दोन वर्षं तिचा एकही रविवार चुकला नाही. रोह्याहून सकाळची गाडी धरायची, वर्ग करायचा आणि मग खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, आपल्या गावी आईला भेटून यायचं, असा तिचा क्रम होता. पुण्यात नर्सिंग शिकलेली, तिथेच मोठ्या इस्पितळात नोकरी लागलेली. ती सोडून ती चार वर्षांपूर्वी रोह्याला का आली, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

भाषेच्या इथे करायच्या परीक्षा ती पास झाली. शेवटची पायरी तिकडे जाऊन चढायची होती. सहा महिने भाषा, आणि नंतर तीन वर्षं त्याच शहरातल्या इस्पितळात काम. श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यात पत्र आलं की तीन शहरं आहेत, हँबुर्ग, लाइपझिग आणि श्टुटगार्ट. तीन आठवड्यांत एक निवडून कळवा.

वर्गात नुसता गोंधळ उडाला. एकीची मावसबहीण श्टुटगार्टजवळ होती, तिने ते घेतलं. दुसरीने लाइपझिग घेतलं, का तर तिथे थंडी कमी असं तिला कोणी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बाई गं, तिथली थंडी कमी म्हणजे काय, तुझं नाक गळून पडणार नाही एवढंच. शकूने मात्र काहीच घेतलं नाही. वर्ग सुटल्यावर ती मागे राहिली.

"सर, तुम्ही कसं निवडलं होतं?"

खरं उत्तर लाजिरवाणं होतं. आमच्या मॅनेजरने टेबलावर नकाशा पसरला होता आणि म्हणाला होता, या तीन गावांत भाषेच्या शाळा आहेत, बोला. मी पंचवीस वर्षांचा. आम्ही गडबकर म्हणजे भाताची आणि वालाची माणसं, पण ताटात मासळी नसेल तर जेवण झालं असं न मानणारी. हँबुर्गला निळा रंग जवळ दिसला. निळं म्हणजे पाणी, पाणी म्हणजे मासळी. बोट ठेवून मोकळा झालो; सोबतचा दुसऱ्या गावी गेला आणि शेवटपर्यंत तिकडेच राहिला. तिथली मासळी आंबट पाण्यात मुरवलेली, थंडगार आणि वर गोडसर निघेल हे नकाशात लिहिलेलं नव्हतं.

शकू हसली. ती कमी हसायची, म्हणून मला चेव आला आणि मी पुढे बोलत सुटलो. पहिल्याच रविवारी मी नदीच्या धक्क्यावर जाऊन बसलो होतो. दुपारी सोळा पायऱ्या उघड्या होत्या. संध्याकाळी मोजल्या तर चार. समुद्र तिथून शंभर किलोमीटर लांब, आणि नदीला भरती! मग मी दर रविवारी तेच बघायला जायचो.

"रोज चढतं पाणी?" तिने विचारलं.

"दिवसातून दोनदा. आपल्यासारखंच."

ती म्हणाली, "पुण्यात मला तिथी कळायची नाही, सर. आज काय, अष्टमी का पुनव, काही पत्ता नाही. गावात असले की पाण्याकडे बघून कळतं. मला ते दिसायला हवं. नाहीतर मी कुठे आहे तेच कळत नाही."

"मग विचार कसला करतेस? हँबुर्ग लिही."

"आईला विचारते," ती म्हणाली. आणि मी, न विचारता, म्हणालो, "मी येतो ना! मी समजावतो तिला."

पुढच्या रविवारी माझा जुना आल्बम काखोटीला मारून मी शकूबरोबर तिच्या गावी गेलो. शकूची आई इंदुबाई. पन्नाशी ओलांडलेली, आयुष्य मिठागरात गेलेलं. मिठागरं बंद पडली तेव्हा गुडघेही गेले. आता खारजमिनीतलं तुकडाभर भातशेत आणि घर. घरात या दोघीच. नवरा काळुराम वारला होता एवढं मला ठाऊक होतं. भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता.

इंदुबाईने कोरा चहा दिला आणि आल्बम नीट, एकेक पान उलटून पाहिला. मोजके प्रश्न विचारले. भात मिळतो का, एकट्या बाईला खोली देतात का, आजारी पडली तर कोण बघतं. मी सगळ्याला छातीठोक उत्तरं दिली. मग एक फोटो आला, हिरव्या लांबलचक बांधावर मेंढ्या चरताहेत असा. तिचं बोट त्याच्यावर थांबलं.

"ह्यो काय हाय?"

"बांध!" मी म्हणालो. "समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून. अहो, तेच तर सांगतोय तुम्हाला. अगदी तुमच्यासारखंच आहे. भरती, ओहोटी, बांध. तुमच्या बांधाच्या चौपट उंच. पोरगी घरीच आहे असं समजा."

तिने आल्बम मिटला. हलक्या हाताने, पण मिटला.

"मंग त्या गावाला नको."

"अहो, पण..."

"दुसऱ्या कंच्या बी गावाला धाडा, मास्तर. बांध हाय तिथं माझी पोर जानार नाय."

मी आणखी बोललो असतो, पण शकूने डोळ्यांनीच मला उठवलं. रस्त्यापर्यंत पोचवायला ती आली आणि तिथे, मिनिडोरची, म्हणजे सहा आसनी रिक्षाची, वाट बघत, तिने मला सांगितलं.

त्यांच्या गावात समुद्राचा बांध पिढ्यान्‌पिढ्या गावानेच सांभाळलाय. उधाणाला बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की हाक देतात. घरटी एक माणूस. पाणी ओसरलं की पुढच्या भरतीच्या आत खांड बुजवायची, नाहीतर सगळ्यांचं भात खाऱ्या पाण्याखाली जातं. वहीत घराघराचं नाव असतं, आणि त्यापुढे येणाऱ्या माणसाचं. ज्या घराचं माणूस आलं नाही, त्या घराला गावात मान वर करता येत नाही. चार वर्षांपूर्वी भादव्यात अशीच हाक आली तेव्हा काळुराम तापाने फणफणला होता. शकू पुण्यात होती. इंदुबाई म्हणाली मी जाते, तर तो म्हणाला, तू या गुडघ्यांनी चिखलात उतरणार? तो गेला. खांडीच्या तोंडाशी उभा असताना बाजूची माती खचली. दीडशे माणसं होती, पण चिखल वाहायच्या घाईत एक माणूस कमी झालाय हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. काम संपलं, लोक घरी गेले. इंदुबाई चूल पेटवून वाट बघत बसली.

"तेव्हापासून घरटीत मी आहे," शकू म्हणाली. "म्हणून रोह्याला आले. हाक आली की दीड तासात पोचता येतं."

दोन वर्षं पोरीला विभक्तिप्रत्यय शिकवले आणि ती कुठून येते ते विचारलं नाही. आणि आज तिच्या आईपुढे जाऊन, तुमच्यासारखाच बांध आहे हो, म्हणून टिमकी वाजवली. गडबला आम्ही बांध म्हणतो ते शेताच्या मेरेला, त्याच्यावर बसून आम्ही भाकरी खातो. माझी लाज मलाच वाटली.

त्यानंतरच्या रविवारी शकू आली नाही. फोन उचलेना. सोमवारी मी गाडी धरून रोह्याला गेलो. दवाखान्यामागे एक बाकडं आहे, तिथे ती डबा खायला बसते हे मला आठ दिवसांच्या मुक्कामात कळलं होतं. होतीच तिथे.

"मी नाव मागे घेतेय, सर," मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली.

"काय म्हणून? लाइपझिग लिही, श्टुटगार्ट लिही. हँबुर्गला आग लाव."

"लिहिणार होते. रात्रभर विचार केला." तिने डब्याचं झाकण लावलं. "आई म्हणते बांधाजवळ जाऊ नको. म्हणजे बांध इतका वाईट. बरं. मग मी लांब सुरक्षित जागी जाऊन बसायचं, आणि आईला त्याच बांधापाशी एकटी सोडायचं? हाक आली की कोण जाणार? तीच ना? त्या गुडघ्यांनी?"

उत्तर नसलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड.

"तुझ्या गावात दुसरी माणसं नाहीत का? एका घराचं माणूस आलं नाही तर काय आभाळ कोसळतंय?"

शकूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पेशंटने वेडंवाकडं बोलावं आणि नर्सने ऐकून घ्यावं, तसं. मग तिची वेळ झाली आणि ती आत गेली.

परतीच्या गाडीला निडी स्टेशनात क्रॉसिंगसाठी चाळीस मिनिटं थांबवून ठेवलं. तेवढा वेळ मी स्वतःला शिव्या घातल्या. मला वाटलं, आता हे सरळ करायचं तर इंदुबाईची माफी मागायला हवी आणि तिची पाण्याची भीती घालवायला हवी. पाहा, अजूनही मी तिला समजावायलाच निघालो होतो.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. गुरुवारी पिठोरी अमावास्या होती. जेवून मी मिनिडोरने खारेपाटात गेलो. गावात उतरलो तर सगळ्या घरांना कड्या. एक म्हातारी ओट्यावर तान्हं पोर घेऊन बसली होती, ती म्हणाली, "गाव बांदावं हाय. दुपारच्या भरतीला खांड पडली."

मी शेतांच्या कडेने चालत गेलो. लावणी झालेल्या भातात गढूळ पाणी शिरलेलं होतं. बांधाला दहा-बारा हात रुंद भगदाड होतं. ओहोटी लागलेली, पाणी त्या भगदाडातून परत खाडीकडे ओढ घेत होतं. शंभरावर माणसं, बाया आणि बापे, दोन रांगांत उभी. मऊ चिखलाचे गोळे एका हातातून दुसऱ्या हातात जात होते. बोलणं कमी, हुंकार जास्त. भगदाडाच्या तोंडाशी रोवलेल्या मेढींना धरून काही जण कमरेइतक्या चिखलात उभे होते आणि त्यांत शकू होती. बापाच्याच जागी. मला बघूनही तिने हात थांबवला नाही.

इंदुबाई जरा अलीकडे, बांधाच्या कोरड्या भागावर पाय पसरून बसली होती. चिखलात घालायला पेंढ्याचे वळ, म्हणजे पीळ दिलेले जाड दोर, करत होती. घरटी एकच माणूस लागतं, पण जास्तीचं आलं तर नको म्हणत नाहीत. मी तिच्याजवळ खाली बसलो.

"कपडं खराब होतील, मास्तर."

"होऊ देत." मी पेंढा उचलला आणि तिचं बघून वळायला लागलो. माझा वळ सुटला. तिने तो घेतला, नीट केला आणि ढिगावर ठेवला. "इंदुबाई, मी त्या दिवशी चुकलो. मला काही ठाऊक नव्हतं. तुम्हाला पाण्याची भीती वाटणारच."

"पान्याची?" तिचे हात थांबले. "पान्याची कसली भीती, मास्तर? पान्यात तर जलम गेला. पानी काय कोनाला घरातून उठवून नेत नाय. हाक नेते."

मला कळेना. माझं तोंड बघून तिने मला, लहान मुलाला सांगावं तसं, सांगितलं.

"तुमीच बोललात, तिथं बांध हाय. बांध हाय म्हंजे कवातरी खांड पडनार. खांड पडली म्हंजे हाक येनार, घरटी एक मानूस. हितं घरात आमी दोघी तरी हाव. ती नसली तर मी. तिथं ती एकलीच. तिथं तीच घर. ताप आसला तरी तीच. रातची डूटी करून आली आसली तरी तीच. हिच्या बापाला मी बोलले तरी, नको जाऊ, मी जाते. तिला तसं बोलायला तरी तिथं कोन हाय?"

एकेक शब्द मला पुन्हा ऐकू आला. ही बाई गेले कित्येक दिवस हे मनात घेऊन बसली होती. हँबुर्गच्या कुठल्याशा वहीत आपल्या पोरीचं नाव चढणार, कोणी तिच्या दाराशी येऊन ओरडणार, आणि तापात, परक्या गावात, एकटी पोर उठून चालू लागणार. दुसऱ्या कोणाला हसू आलं असतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"बाई," मी म्हटलं, "तिथं हाक देत नाहीत."

"मंग बांध कोन बांधतं?"

"पगारी माणसं. यंत्रं असतात. वर्षभर त्यांचं तेच काम. घरातल्या माणसाला बोलवत नाहीत."

"खांड पडलीच तर?"

खांड पडत नाही, असं म्हणायला माझी जीभ तयारच होती. पण त्याच जिभेने आधी घोटाळा केला होता. मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्या घरमालकिणीने मला जिन्याच्या भिंतीवरची एक रेघ दाखवली होती. पाणी कुठवर आलं त्याची.

"पडली होती," मी म्हणालो. "बासष्ट साली. थंडीचे दिवस होते. तीनशेच्या वर माणसं गेली. मग त्यांनी बांध खूप उंच केले. मी गेलो त्याच वर्षी माझ्या आधी त्याहून मोठं पाणी आलं होतं, तेव्हा शहरातले बांध टिकले. पुढचं मी काही सांगू शकत नाही."

तिने खांडीकडे पाहिलं.

"त्या बासष्ट साली हाक दिली व्हती का? घरटी?"

"नाही. सैन्य आलं होतं."

"वही नाय?"

"वही नाही."

ती पुन्हा पेंढा वळू लागली. मला वाटलं आता तेवढ्यावर थांबावं. पण तिने एवढं विश्वासाने विचारलं होतं की अर्धं सांगून मला उठवेना.

"आणखी एक आहे, इंदुबाई. तिथं हाक देत नाहीत म्हणजे कशालाच देत नाहीत. अकरा महिन्यांत मला दारातून कोणी माझ्या नावाने हाक मारली नाही. एकदा तापाने पडलो तर तीन दिवस कोणाला पत्ता नव्हता. मी पायऱ्या मोजायला जायचो ना दर रविवारी, ते काय भरती बघायला नव्हे. जायला दुसरीकडे कुठे नव्हतं. फार जड जातं." हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. घरी सगळ्यांना वाटतं, मी तिकडे मजा करून आलो.

"जड जातं," इंदुबाई म्हणाली. मग हातातला वळ ढिगावर ठेवून तिने मला विचारलं, "पन जित्तं ऱ्हातं ना मानूस?"

"राहतं," मी म्हटलं. "मी राहिलो."

तिने पदराने तोंड पुसलं आणि मग आम्ही दोघं वळ करत राहिलो. माझे दोन-चार बरे जमले.

सूर्य खाडीकडे कलला तेव्हा खांड बुजली. माणसं चिखलातून वर येऊन बांधावर टेकली. हिरामण नावाचा एक वयस्कर माणूस प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढू लागला. पूर्वी वही फक्त कामाच्या आधी वाचत, कोण आलं ते बघायला. काळुराम गेल्यापासून ती काम संपल्यावरही वाचतात, वर कोण आलं ते बघायला. नाव घरच्या कर्त्याचं घेतात, मग तो असो वा नसो, आणि त्या घरच्या माणसाने ओ द्यायची.

हिरामण चष्मा लावत होता तेवढ्यात इंदुबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि त्याच्याकडे गेली.

"शकूचं नाव काढ."

हिरामणने वर पाहिलं. "का गो वैनी?"

"ती जानार हाय. माझं घाल."

"तुजं गुडघं चालत नाय, आन तू खांडीत उतरनार?"

"मी कशाला उतरू? वळ करीन, घमेलं भरीन. वहीत मानूस लिवलंय, गुडघं नाय लिवलं." तिचा आवाज चढला. "ह्या घरानं खांडीच्या तोंडाशी उभं ऱ्हायचं तेवढं ऱ्हायलं, हिरामण. आता मागं बसून काम करील. चालंल का नाय, सांग."

हिरामणने मान खाली घातली. "चालंल," तो म्हणाला.

शकू चिखलाने माखलेली तशीच धावत आली. "आई, काय चाललंय? मी जात नाय म्हटलं ना तुला!"

"नाव मागं घेतलंस?"

"उद्या घेनार."

"मंग घेऊ नको. तिथं हाक देत नाय. मास्तर बोलले."

शकू माझ्याकडे वळली. तिचे डोळे बघून मला कळलं, तिला वाटलं मी तिच्या आईला काहीतरी गोड थाप मारली. "सर, काय सांगितलंत तुम्ही?"

"खरं तेच सांगितलं. बासष्ट सालचंसुद्धा."

"तुला मी हवी ना हितं?" ती आईला म्हणाली. आता तिचं शहरातलं बोलणं पार गळून गेलं होतं. "तू एकली कशी ऱ्हाशील गो?"

"मी एकली कशी? मला हाक मारनारी ही एवढी सगली हायेत." इंदुबाईने बांधावर बसलेल्या माणसांकडे हात केला. "तू जित्ती ऱ्हा, म्हंजे झाला. हितं मी रोज भरतीला पानी बघीन, तिथं तू बघ."

शकूची पिशवी बांधावर माझ्याजवळच होती. तिने हात पुढे केले, कोपरापर्यंत चिखल. "सर, फोन काढा," ती म्हणाली. मी काढला. तिने सांगितलं तसं उघडत गेलो आणि तो अर्ज समोर आला. तीन शहरं, त्यांच्यापुढे तीन रिकामे गोल.

"कुठलं?" मी विचारलं.

तिने आईकडे पाहिलं.

"पानी चढतं-उतरतं ते," इंदुबाई म्हणाली.

मी हँबुर्गवर बोट ठेवलं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ठेवलं होतं तेव्हा मासळीचा विचार होता. आता ते नाव मी दोनदा वाचलं. मी एकदा शकूला दाखवलं, तिने मान हलवली, आणि मी पाठवून दिलं.

मग हिरामणने वही वाचायला घेतली. एकेक घर. रघूचं घर. हाय. नाथाचं घर. हाय. कान्हूचं घर. हाय. उजेड कमी होत चालला होता, त्याने वही डोळ्यांजवळ नेली.

"काळुरामाचं घर."

शकूचं तोंड चार वर्षांच्या सवयीने उघडलं. आवाज निघायच्या आत तिने चिखलाचा हात तोंडावर दाबून धरला. इंदुबाई "हाय" म्हणाली, पण इतकं हळू की ते मलाच ऐकू आलं. हिरामणची पेन्सिल कागदावर थांबली. बांधावरची सगळी माणसं थांबली. चार वर्षांपूर्वी काळुराम वर आला नव्हता तेव्हा हे नाव कोणी पुकारलंच नव्हतं.

"काळुरामाचं घर?" त्याने पुन्हा विचारलं.

"हाय," इंदुबाई म्हणाली. या वेळी मोठ्याने, पार खाडीपर्यंत जाईल असं.

हिरामणने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.